स्पीकरवरच्या कुत्र्याची मान

मी कुत्रा आहे, पण भुंकत नाही, चावत नाही आणि मला सकाळी फिरायलाही न्यावं लागत नाही. मी प्लास्टिकचा आहे. अंगावर तपकिरी मखमल, पाय आखूड, कान लांब. माझं डोकं धडाला जोडलेलं नाही, आत एका तारेच्या आकड्यावर टांगलेलं आहे. जरासा धक्का लागला की मान वरखाली, वरखाली. जर्मनीत मला वाकेलडाकेल, म्हणजे डुलणारा डाकेल जातीचा कुत्रा, म्हणतात. गाडीच्या मागच्या काचेत बसायचं आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला उगाच 'हो, हो' म्हणत राहायचं, एवढंच माझं काम.

मला एगोननं एका पेट्रोल पंपावरून उचललं. तो ब्योब्लिंगेनचा, आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात काम केलेला माणूस. मालक असला तरी मी त्याला अरे-तुरे करतो. त्याच्या मुलानं, फ्लोरियाननं, सांगलीच्या नीलांबरीशी लग्न केलं आणि सून सासऱ्याची गाडी चालवायला लागली. वाटेत ती फोनवर वडिलांशी बोलायची, आणि पुढचा गाडीवाला रेंगाळला की त्याचा उद्धारही मराठीतच करायची. मी मराठी अशी शिकलो. शिव्या आधी, बाकीची भाषा नंतर.

पुढे एगोनला कमी दिसायला लागलं. त्यानं गाडी विकली, पण मला काही विकलं नाही. घरात आणून भल्यामोठ्या स्पीकरवर बसवलं. मला वाटलं, संपलं. घरात कुठले आलेत धक्के? आता मान ताठ ठेवून धूळ खायची.

पण एगोनला एक नाद होता. टीव्हीवर मोठमोठ्या रॉक कॉन्सर्ट लागतात ना, मैदानभर माणसं आणि मंचावर एगोनच्याच वयाचे वादक, त्या तो एकही सोडत नसे. पहिल्या दिवशी त्यानं आवाज वाढवला, ढोल घुमला, माझ्या पोटाखाली स्पीकर थरथरला आणि माझी मान अशी काही उडाली की विचारू नका! तीस वर्षं रस्त्यावर काढली, पण असा रस्ता मला कधी मिळाला नव्हता.

आणि काय ती म्हातारी माणसं! गिटारवाल्याची पांढरी शेंडी कमरेपर्यंत. ढोलवाल्याला दोघं जण धरून आणून बसवणार, पण एकदा बसला की त्याला थांबवायला दहा जण लागतील. गाणारा मंचावर चढताना धापा टाकतो, मग तोंड उघडतो आणि समोरची लाखभर माणसं उड्या मारायला लागतात. एगोनही सोफ्यावर बसल्या बसल्या उडी मारायचा. काळा टी-शर्ट पोटावर ताणलेला, हातात गिटार नसताना बोटं मात्र गिटारवर. आणि तोंडानं एकच, "या! या! या!"

या म्हणजे हो. जर्मन भाषेत हो म्हणायचं तर 'या' म्हणतात. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या एका शब्दात आहे.

नोव्हेंबरात नीलांबरीचे वडील तीन महिन्यांसाठी आले. दत्तात्रय त्यांचं नाव. सांगलीकडच्या एका नाट्यगृहात त्यांनी पडदा ओढायचं काम केलेलं. बोलणं हळू आणि थोडं. बायको गेल्यापासून दोन खोल्यांत एकटेच राहत होते. नीलांबरी वर्षानुवर्षं बोलवत होती, तेव्हा कुठे आले. लेक-जावई वरच्या मजल्यावर, एगोन खाली. दिवसभर दोघं कामावर, आणि वर दत्तात्रय खिडकीपाशी बसून समोरच्या छपराकडे बघत.

एका शनिवारी ते लाडवांचा डबा घेऊन खाली आले आणि दारात थबकले. आत कॉन्सर्ट रंगात आलेली. एगोनची पाठ दाराकडे, नजर गिटारवाल्याकडे, आणि तोंडात, "या! या!"

दत्तात्रयांचा चेहरा उजळला. "आलो, आलो," म्हणत त्यांनी चपला काढल्या आणि सोफ्यावर येऊन बसले.

एगोन दचकला. शेजारी व्याही, व्याह्यांच्या मांडीवर डबा. त्यानं लाडू घेतला, खाल्ला, दुसरा घेतला आणि म्हणाला, "या, या!"

"अहो, आता आणखी किती येऊ?" दत्तात्रय म्हणाले आणि आणखी जवळ सरकले.

त्यानंतर ते रोज यायला लागले. मला तर दिवाळीच होती. एक बघणारा होता तेव्हा आवाज मध्यम असायचा, दोघं झाल्यावर एगोनला चेव आला. कॉन्सर्ट संपली की वादक आत जातात, दिवे जातात आणि लोक ओरडतात. एगोन ओरडायचा, "त्सूगाबे!" म्हणजे आणखी एक. दत्तात्रयांना हे कुणी शिकवायला नको होतं. जन्म विंगेत गेलेला. ते सोफ्यावर उभे राहून ओरडायचे, "वन्स मोअर! वन्स मोअर!" आणि वादक खरंच परत यायचे. मग दत्तात्रय एगोनच्या पाठीवर थाप मारायचे, "बघा एगोनराव, आपलं ऐकलं त्यांनी!"

एगोनला कळायचं काही नाही, पण तो म्हणायचा, "या!"

एक गोष्ट मात्र एगोनला खात होती. सूर जमला की दत्तात्रय डोळे मिटून मान डोलवायचे. तुमच्याकडे डोलवतात तशी, डावीकडून उजवीकडे. इथे तशी मान हलवली की त्याचा अर्थ 'नाही, अजिबात नाही'. ते वर गेले की एगोन मला विचारायचा, "काय रे डाकेल, याला एक गाणं आवडत नाही. मग येतो कशाला?" मी काय सांगणार? माझी मान एकाच दिशेला चालते. मी 'हो' म्हणालो.

पहिल्यापेक्षा मोठा घोटाळा डिसेंबरात झाला. खालच्या मजल्याच्या दारात नीलांबरी फोनवर बोलत होती, "या, या, गेनाऊ, या." गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर'. फोन ठेवल्यावर दत्तात्रयांनी विचारलं, "कोण येतंय गं जेवायला?"

"कुणी नाही, बाबा."

"मग सगळ्यांना 'या, या' काय म्हणतेस? आणि येत कसं नाही कुणी?"

नीलांबरी हसत सुटली. "अहो बाबा, 'या' म्हणजे इथे 'हो'! जर्मनमध्ये हो म्हणतात. म्हणजे तुम्हाला इतके दिवस काय वाटत होतं?"

दत्तात्रय हसले नाहीत. त्यांनी एकदा सोफ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी नेमका मान हलवत होतो.

"म्हणजे एगोनरावांनी मला कधी बोलावलंच नाही," ते हळूच म्हणाले.

"बाबा, असं काय करता!"

"अगं, ते आपले टीव्हीशी बोलत होते. आणि मी रोज चपला काढून आत. लाडू घेऊन!" त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. "काय म्हणत असतील मनात!"

त्या दिवसापासून ते खाली आले नाहीत. ख्रिसमसलाही पाच मिनिटं येऊन, हात जोडून वर गेले. मग एके संध्याकाळी जिन्यातून आवाज आला.

"नीला, जरा अलीकडचं तिकीट मिळतं का बघ."

"का? तीन महिने राहणार होतात ना?"

"इथं थंडी फार."

"घरात हीटिंग आहे, बाबा."

"मग उकडतं फार."

नीलांबरी तिथेच पायरीवर बसली. बराच वेळ जिन्याचा दिवा चालू होता.

इकडे एगोनची समजूत पक्की झाली, की व्याह्यांना आपलं संगीत असह्य झालं, भलेपणानं इतके दिवस सोसलं, आता सहन होईना. त्यानं आवाज इतका कमी केला की माझी मान हललीच नाही. शेजारची उशी त्यानं उगाच दोनदा झटकली आणि होती तिथेच ठेवली. टीव्हीवर ढोलवाला घाम गाळत होता आणि आमच्या खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. एवढं ओकंबोकं मला कधीच वाटलं नव्हतं.

मग वर्षाचा शेवटचा दिवस आला. इथे त्या दिवशी एका वाहिनीवर सकाळपासून नुसत्या कॉन्सर्टच लागतात, एक संपली की दुसरी. एरवी एगोन या दिवशी घर हलवून सोडतो. दुपारी नीलांबरी त्याला डोनट द्यायला खाली आली आणि दारातच थांबली.

"एगोन, बरं नाही का? आवाज का नाही आज?"

"तुझ्या वडिलांना त्रास नको," एगोन म्हणाला. "त्यांना हे आवडत नाही, गेल?" गेल म्हणजे 'हो ना', या भागात प्रत्येक वाक्याला ते शेपूट असतं. "प्रत्येक गाण्याला बिचारे नाही, नाही करत बसायचे."

"नाही, नाही म्हणजे?"

एगोन उठला, माझ्यापाशी आला, माझं डोकं हातात धरलं आणि डावीकडे-उजवीकडे फिरवलं. "हे असं!"

माझ्या मानेत टक्क झालं. आतला आकडा वाकला. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण नीलांबरी डोनटची बशी घेऊन मटकन खाली बसली होती आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अहो एगोन, ती दाद आहे! आमच्याकडे फार आवडलं की अशीच मान हलवतात. 'वा, वा' म्हणतात ते मानेनं!"

"प्रत्येक गाण्याला?"

"प्रत्येक गाण्याला! आणि बाबा वर तोंड लपवून बसलेत, तुम्ही त्यांना कधी बोलावलंच नाही म्हणून. त्यांना वाटायचं, तुमचं 'या' म्हणजे आमचं 'या'. मराठीत 'या' म्हणजे काय, माहीत आहे? आत या, बसा, तुमचंच घर आहे."

एगोन माझं डोकं धरून तसाच उभा राहिला. मग त्यानं मला सोडलं, रिमोट उचलला आणि आवाज वाढवला, वाढवला, इतका वाढवला की खिडकीच्या काचा बोलायला लागल्या. माझी मान उडाली! आणि काय सांगू, ती वरखाली तर जात होतीच, पण आता डावीकडे-उजवीकडेही जात होती. हो पण म्हणत होतो आणि वा पण म्हणत होतो. मला गरगरायला लागलं, पण मजा अशी की थांबावंसं वाटेना.

टीव्हीवर नेमके वादक आत गेले. मंचावर अंधार. मैदान ओरडायला लागलं. एगोन दुखरे गुडघे घेऊन जिन्याच्या पायथ्याशी गेला आणि गळा काढून ओरडला, "दत्ता! वन्स मोअर!"

एगोननं एक पायरी चढून पुन्हा हाक मारली.

"दत्ता! या!"

वरून हळू आवाज आला, "ते कुणाला तरी हो म्हणताहेत गं, नीला."

नीलांबरी किंचाळली, "बाबा, हे 'या' मराठीतलं आहे!"

मग जिन्यावर पावलं वाजली. हळू, मग भरभर, मग जवळजवळ धावत. दत्तात्रय दारात आले, स्वेटर उलटा, कानटोपी एका कानावर. चपला काढायचंही भान नव्हतं.

"पडदा पडला का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही!" नीलांबरी म्हणाली.

एगोन त्यांचा हात धरून त्यांना सोफ्याकडे घेऊन गेला आणि उशीवर थोपटून म्हणाला, "या." मग जरा विचार करून त्यानं आपली जाड मान हलवून दाखवली. डावीकडून उजवीकडे, गाडी मागे घेताना माणूस हलवतो तशी. ते पाहून दत्तात्रय असे हसले की कानटोपी खाली पडली. मग दोघं सोफ्यावर उभे राहिले. "त्सूगाबे!" "वन्स मोअर!" नीलांबरी ओरडायला लागली, खरेदीहून आलेला फ्लोरियान हातात पिशव्या घेऊनच ओरडायला लागला. आणि अंधारातून ती पांढरी शेंडी बाहेर आली. ढोलवाल्याला दोघांनी धरून आणलं. आमचं ऐकलं त्यांनी! मलाही आता तसंच वाटतं.

दत्तात्रय फेब्रुवारीत, ठरल्या वेळेलाच गेले. निघताना ते "येतो" म्हणाले आणि एगोननं तिथेही बरोबर "या" म्हटलं. उन्हाळ्यात परत येणार आहेत. तोवर शनिवारी फोन माझ्या पोटाला टेकवून उभा करतात आणि सांगलीहून 'वन्स मोअर' येतं.

माझी मखमल आता कानांपाशी उडाली आहे. मान अधूनमधून अडकते, मग एगोन टिचकी मारतो. नीलांबरी म्हणते, नवा आकडा बसवू. माझी एकच विनंती आहे, बसवू नका. सरळ मानेला एकच भाषा येत होती.

बरं, आता मला बोलता येणार नाही. एगोननं काळा टी-शर्ट घातलाय, स्पीकर गुरगुरतोय, माझी शेपटीही हलायला लागलीय, आणि ती तर हलायची नसते. उन्हाळ्यापर्यंत सोफ्यावर एक जागा रिकामी आहे. चपला बाहेर काढा.

या!