ट्यूबवरचं तिसरं नाव

माझ्या लेकीनं, भूमिकानं, तोंड धुवायची नवी ट्यूब आणली आणि मोरीच्या कट्ट्यावर ठेवून कॉलेजला गेली. पेणमधल्या कारखान्यात मी गणपतीच्या मूर्ती घासायचं काम करते. दुपारी जेवायला घरी आले तेव्हा केसांत, पापण्यांवर सगळी पांढरी धूळ. साबण सापडेना म्हणून ती ट्यूब उघडली, फेस तोंडाला लावला, आणि आमचे हे घरात आले.

खोटं नाय सांगत. दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन. त्याआधी बावीस वर्षं रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून दारात उभे राहिले की जो वास यायचा, तोच हा. गोडसर, थंड. मी त्याला कंपनीचा वास म्हणायचे. आळीत मिरवायचे, आमच्या ह्यांच्या कंपनीत साबणाचं सामान बनतं, म्हणून माणूस कसा फुलासारखा घरी येतो. त्यांचे दोन शर्ट मी जपून ठेवलेत, पण त्यांना आता नुसता कपाटाचा वास येतो.

त्या दुपारी मी चार वेळा तोंड धुतलं. जेवण तसंच राहिलं. पंख्याखाली डोळे मिटून पडले की हे बाहेर चपला काढायचे. वास विरत गेला की दारातच थांबायचे. पुन्हा धुतलं की आत येऊन पाणी मागायचे. मी उठून तांब्या भरून ठेवला. कारखान्यातून फोन आला, तर म्हटलं, घरी पावणे आलेत, आज नाय जमणार.

आठ दिवसांत ट्यूब अर्ध्यावर आली. गालाची सालं निघायला लागली. "आई, खातेस काय ती?" भूमिका करवादली.

मला एकच लागून राहिलं होतं. ही ट्यूब संपेल, उद्या दुसरी आणावी तर वास बदललेला असेल, मग हे पुन्हा जातील. ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत वीसेक नावं होती. त्यातले आमचे हे कुठले, तेवढं कळायला हवं होतं. नाव कळलं की तेच नुसतं बाटलीत भरून आणायचं, असं माझं डोकं चाललं.

रविवारी रोह्याची गाडी धरली. तिथं हरेशभावजी राहतात. ते ह्यांच्याच प्लांटला, ह्यांच्याच शिफ्टला होते. निघताना तोंड धुतलेलं, त्यामुळे गाडीत वास होता सोबतीला. कासूला एक बाई शेजारी बसायला आली, तर मी सरळ सांगितलं, "माणूस हाय इथं." नागोठणं गेलं तरी ती रिकाम्या जागेकडं बघत होती.

मी भावजींना वासाचं सगळं सांगितलं आणि ट्यूब पुढं केली. त्यांनी चष्मा लावला. "वहिनी, ही नावं कशीपण नाय लिहीत. जे जास्त घातलंय ते आधी, चिमूटभर असेल ते शेवटी. पहिलं बघा, पाणी. दुसरं फेसाचं. आणि हे तिसरं..." त्यांचं बोट तिथंच राहिलं. "कोकामिडोप्रोपिल बीटेन. हे आमचं. खोबरेल तेलापासून करतात. ह्यानं फेस मऊ होतो. तुमच्या जनूनं बावीस वर्षं हेच बनवलं."

मी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. जिभेवर बसेना, पण डोळे भरून आले. म्हटलं, "मग हेच द्या मला. बाटलीभर."

भावजींनी बोट यादीच्या शेवटाला नेलं. "तुमी म्हणता तो वास ह्याला नसतो, वहिनी. तो हा, पार शेवटचा. परफ्यूम. तो आमच्या प्लांटात नव्हताच कधी."

"नव्हता कसा? बावीस वर्षं काय नाक माहेरी ठेवून आले होते मी?"

"आमचा वास निराळा. त्या तेलात अमाईन म्हणून एक रसायन घालावं लागतं, त्याला सडक्या मासळीचा वास. कपड्यांत बसतो, केसांत बसतो. शिफ्ट सुटली की जनू दोनदा आंघोळ करायचा. लॉकरमध्ये भारीतला वासाचा साबण ठेवलेला त्यानं. बस निघून जायची, मग मागच्या बसनं यायचा. आमी हसायचो त्याला."

"पण कशाला एवढं? मी खाडीकाठची पोर. मला काय मासळीचा वास नवा हाय?"

भावजींनी ट्यूब खाली ठेवली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुमी बोललात म्हणे. अंगाला घाण येते, लांब झोपा."

मला आठवेना. अजून आठवत नाय. माझं तोंडच तसलं, सकाळपासून दहा जणांना बोलते आणि संध्याकाळी विसरून जाते. बोलले असणार. मी बोलून मोकळी झाले, आणि हा माणूस बावीस वर्षं रोज अंग खरवडत राहिला. एकदा तरी त्यांनी मला उलटून बोलायला हवं होतं. माझा मलाच राग आला. समोरचा चहा तसाच ठेवून मी उठले.

"मला धाटावला न्या," मी म्हटलं.

भावजींनी स्कूटर काढली. कंपनीच्या मागच्या भिंतीशी उतरलो. आधी काहीच नव्हतं, ऊन आणि गवत. मग वारा आमच्याकडं फिरला. कुजका, घशात उतरणारा वास. मी भिंतीला हात टेकला.

"पदर लावा नाकाला," भावजी म्हणाले. "चला आता. नाय सोसणार तुमाला."

मी नाकावरचा पदर खाली घेतला आणि छाती भरून श्वास ओढला.

"या," मी ह्यांना म्हटलं. "असेच या जवळ."