निपटून काढलेला चीक

पौषातली दुपार कलत होती. वारणाकाठचे ऊस तुटून गेलेले, आणि उघड्या पडलेल्या रानांवर फिकट, पातळ, ऊब हरवलेलं ऊन पसरलेलं. गुऱ्हाळाचा धूर आभाळाकडे जायचं सोडून जमिनीलगत रेंगाळत होता. दिवस लहान, सावल्या लांब, वारा हाडात शिरणारा.

हौसाच्या गोठ्यात मात्र सकाळपासून सण होता. कवडी व्याली होती. कृष्णधवला, विशालनयना, मंदगामिनी कवडी. हौसानं वासरू असल्यापासून हातानं वाढवलेली, तिच्या पदराचा वास ओळखणारी कवडी. हे तिचं चौथं वेत. ओली, कोवळी, लटपटती कालवड पुढ्यात उभी राहिली आणि हौसाला आभाळ ठेंगणं झालं.

आणि तो चीक! पीतवर्ण, घनदाट, सुवर्णस्निग्ध चीक. कालवडीचं पोट भरलं तरी कास तुडुंब. वाडीची रीत अशी, की गाय व्याली की चीक घरोघर जायचा, एकही दार चुकवायचं नाही. चुकलेल्या दारची हळहळ गाईला लागते म्हणत. हौसानं सकाळी धार काढली, तांबे भरले, दारोदार पोचवले. चुलीचुलीवर खरवस शिजला आणि वेलदोड्याचा वास गल्लीभर झाला.

एक दार राहिलं. भिंतीपलीकडचं. थोरल्या जावेचं, शेवंताचं.

वाटणी झाल्यापासून दोघींत बोलणं नव्हतं. बिनसलं होतं बांधावरच्या एका शेवग्यावरून. भांडायला माणसाला शेवग्याचं झाडही पुरतं! बोलावं असं हौसाला कितीदा वाटे. पण आधी कुणी बोलायचं, हा प्रश्न दोन्ही घरांत ठाण मांडून बसला होता. आज तिच्यापाशी चीक होता. चीक नेणाऱ्याला कमीपणा येत नाही.

सकाळचा चीक वाटण्यात संपला होता, म्हणून ती दुपारी पुन्हा कासेपाशी बसली. मागच्या वेताला गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, व्याल्या दिवशी कास रिती करू नका, वासरापुरतं काढा, थोडं थोडं काढा. ते तिला आठवलंही. पण रुसलेल्या जावेच्या दारी अर्धा तांब्या कसा न्यायचा? तिनं सड कुरवाळले, ओढले, निपटले. शेवटच्या थेंबापर्यंत निपटले. तांब्या काठोकाठ भरला, तेव्हाच उठली. तो तिनं मधल्या भिंतीवर ठेवला, हाक न मारता, आणि घरात गेली. थोड्या वेळानं डोकावली तर तांब्या उचललेला होता. हौसा एकटीच हसली.

दिवस मावळायला कासराभर राहिला तेव्हा ती पेंड घेऊन गोठ्यात आली. कवडी बसलेली होती. मान वळवून कुशीत घातलेली, डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत हौसा नव्हती. पुढ्यात कालवड हंबरत होती आणि आई कान हलवत नव्हती.

हौसानं कान धरला. कान गार. दुसरा धरला. तोही गार. ओलं असायचं ते नाकाड कोरडं ठणठणीत. "कवडे," तिनं हाक मारली. "ऊठ गं बाई." कवडी उठली नाही.

मग भीती आली. नवरा ऊस घेऊन कारखान्यावर गेलेला. घरात दुसरं कुणी नाही. हौसाला स्वतःचे हात दिसत होते. अजून चिकानं चिकट असलेले हात. याच हातांनी, याच हातांनी आपण हिला आतून रिती केली, हे तिला कुणी न सांगता कळलं आणि ती गोठ्याच्या दारात मटकन बसली.

तेवढ्यात शेवंता आली. चिकाचं भांडं रितं परत करायचं नसतं, म्हणून तांब्यात गुळाचा खडा टाकून आली होती. काय बोलायचं ते ठरवूनही आली असावी. पण गोठ्यात पाहिलं, कवडीच्या कानाला हात लावला आणि ते सगळं ओठांतच राहिलं.

"हिचं कान गार पडल्यात की गं हौसे! परत धार काढलीस व्हय?"

शेवंतानं हातातल्या तांब्याकडं पाहिलं. मग तिला विचारायचं काही उरलं नाही.

"रडायचं मागनं बघू. पोती आण. आडवी पडाय द्याची न्हाई," ती म्हणाली, आणि पदर खोचून डॉक्टरांना फोन लावला.

दोघींनी दोन्ही कुशींना पोती लावली. दोघी टेकून बसल्या. सांज उतरत होती. धूसर, धूम्रवर्णी, पाय न वाजवता येणारी सांज. कवडीचा श्वास येई आणि थांबे. येई आणि थांबे. प्रत्येक थांबण्यात हौसा मरत होती.

दिवेलागणीला डॉक्टर आले. त्यांनी एकच विचारलं, "दूध किती काढलं?"

"सगळं," हौसा म्हणाली.

"रक्तातलं कॅल्शियम दुधातनं गेलं, बाई. नाव दुग्धज्वर, पण ह्यात अंग तापत नाही, गार पडतं." त्यांनी कोमट पाण्यात कॅल्शियमची बाटली शेकली, मानेच्या शिरेत सुई घातली. "बाटली उंच धरा. घाई करायची नाही. भरभर गेलं तर काळीज बंद पडेल."

शेवंतानं बाटली धरली. थेंब पडू लागले. हळू, फार हळू. हौसाला वाटे लवकर पडावेत. लगेच वाटे, नको, लवकर नकोत. शेवंताचा हात भरून आला तरी तिनं तो खाली घेतला नाही.

आणि कवडीच्या कातडीवरून एक शहारा गेला. ढेकर आली. शेण पडलं. मान कुशीतून सुटली, पुढचे पाय चाचपडले, मागचे उचलले गेले, आणि ती विशाल, कृष्णधवल काया डुलत डुलत उभी राहिली. हौसानं तिच्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्यानं रडली.

"आत्ता कासेपासून हात आवरा," डॉक्टर निघताना म्हणाले. "कालवडीपुरतंच काढायचं. परत निपटलंत तर परत बसेल. दर खेपेला उठेलच असं नाही."

सकाळी धुकं होतं. शुभ्र, स्तब्ध, नदीवरून चढत आलेलं धुकं. कालवड पिऊन झोपली होती आणि कास पुन्हा भरून आली होती. ताठ, तुकतुकीत, सडांच्या टोकांशी थरथरणारी. हौसाचे हात आपसूक पुढे झाले. तिनंच घाबरून ते मागे घेतले.

शेजारी शेवंता येऊन बसली. तिनं हौसाचे दोन्ही हात आपल्या ओटीत ओढून घेतले आणि घट्ट धरून ठेवले.

सडातून एक थेंब सुटला. मग दुसरा. पिवळा, उबदार चीक जमिनीवर पडत होता, मातीत मुरत होता, आणि कुणीही भांडं लावलं नाही.