डाव्याचं उजवं

पत्रा ॲसिडच्या ट्रेमध्ये बुडाला आणि मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "आठ मिनिटं. त्याआधी काढलास तर रेघ उथळ राहील, नंतर काढलास तर रेघच राहणार नाही."

सुनेने मान हलवली. तिच्या हातात कबुतराचं पीस होतं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर असतो. सुईने जिथे मेण खरवडलं तिथे ॲसिड पत्रा खातं आणि बारीक बुडबुडे धरतात. ते पिसाने अलगद झाडायचे. दर शनिवारी औषधांच्या दुकानातून सुटल्यावर ती या छापचित्रांच्या वर्गाला यायची, आणि हे पिसाचं काम तिला सगळ्यात आवडायचं. आज मात्र पत्र्यावरचं चित्र तिचं नव्हतं. ते काढणारी बाई खिडकीजवळच्या स्टुलावर, उजवा हात शालीत खुपसून, ताठ बसली होती.

त्या तिच्या सासूबाई. चाळीस वर्षं त्यांनी भरतकामाचे नमुने काढून दिले होते. वेल म्हणू नका, मोर म्हणू नका, एकदा पेन्सिल टेकली की खोडायचं नाव नाही. गल्लीत त्यांना सगळे नमुनेबाई म्हणायचे, आणि सुनेच्या मते ते दोन्ही अर्थांनी खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, घरात कुणी विचारलं नाही. त्यांचा चहाचा कप तेवढा अर्धाच भरला जाऊ लागला. अर्धा का, हे कुणी बोलत नव्हतं. हात कायम शालीत नाहीतर पदराखाली. अलीकडेच डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला बाहेर बोलावून सांगितलं होतं की वर्ष संपायच्या आत या हाताने घाससुद्धा उचलता येणार नाही.

आणि काल संध्याकाळी सुनेने मेण चढवून घरी टेबलावर ठेवलेल्या कोऱ्या पत्र्यावर सकाळी एक हात उमटलेला होता. डावा हात, बोटं फाकलेली, शिरा वर आलेल्या. एकही रेघ सरळ नव्हती, तरी हात असा जिवंत की आत्ता चिमटा काढेल.

"हे कुणी केलं?"

"मांजराने ओरखडलं असेल," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आपल्याकडे मांजर कुठंय?"

"मग येऊन गेलं असेल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुसू नकोस ते. परत नाही व्हायचं माझ्याकडून."

दोन वर्षांत हाताबद्दल पहिल्यांदा त्या एवढं बोलल्या होत्या. वर "माझा पत्रा आहे, मी येणार" म्हणून वर्गात येऊन बसल्या होत्या. आल्या आल्या भिंतीवरची पाटी बघून त्यांनी विचारलंही होतं, "हे काय लिहिलंय? शाईत बुडालेल्या मुंग्या चालल्यासारखं?" पण तेव्हा मास्तर ॲसिड ओतत होते, सून हातमोजे चढवत होती, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं.

तीन मिनिटं झाली. साडेतीन. सुनेने पीस फिरवलं आणि तिचा हात जागीच थांबला. मनगटाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे एकही रेघ नव्हती, तिथे बुडबुड्यांचा पुंजका उठला होता. मेण सुटत होतं.

का सुटतंय ते तिला त्याच क्षणी कळलं. मेण चढवण्याआधी पत्रा खडूच्या भुकटीने घासायचा असतो. वरून पाणी सोडलं आणि ते सलग पसरलं की झालं. फुटून बाजूला सरलं की समजायचं, तेलकटपणा राहिलाय. काल त्या कोपऱ्यात पाणी फुटलं होतं. तिने पाहिलं होतं. आणि कोपऱ्यात कोण बघतंय, म्हणून सोडून दिलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

"मास्तर!"

मास्तर दोन ढांगांत आले. "काढ आधी! धू!"

पत्रा पाण्याखाली गेला. कोपऱ्याची पुरती चाळण झाली होती आणि खड्डा मनगटापर्यंत पोचला होता. मास्तरांनी भिंग लावून रेघा पाहिल्या. "उथळ आहेत. अशा शाई धरणार नाहीत. कोपरा लाखेने झाकून परत घालता येईल. पण बाकीचं मेण टिकेल याची खात्री मी देत नाही. सुटलं तर सगळंच जाईल. पत्रा तुझा, तू ठरव."

"माझा नाहीये," सून म्हणाली. ती खिडकीकडे गेली. "आई, माझी चूक झाली. मी कोपरा नीट घासला नव्हता. आता परत घातलं तर कदाचित सगळं चित्र जाईल. नाही घातलं तर ते उमटणारच नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती मनातल्या मनात दोन पावलं मागे सरकली.

"कापड वाकडं कापलं गेलं तर शिंपी काय रडत बसतो?" त्या म्हणाल्या. "घाल परत."

लाख वाळल्यावर पत्रा पुन्हा ॲसिडमध्ये गेला. पुढची साडेचार मिनिटं सुनेने घड्याळाकडे पाहिलं नाही. मास्तर मोजत होते. ती फक्त करंगळीच्या रेघेकडे बघत होती. तिथे मेण सुटलं असतं तर अख्खं बोट गेलं असतं. सुटलं नाही.

मग मेण उतरवून शाई चोपडली, जाळीच्या कापडाने पुसली, ओला कागद अंथरला. तिने यंत्राचं चाक फिरवलं. वर्गातले दहा-बाराजण आपापली कामं टाकून भोवती जमले. सासूबाईही उठून आल्या. तिने कागदाची दोन टोकं धरून तो उचलला.

सगळ्या रेघा उमटल्या होत्या. एकूण एक.

"हा डावा नाही," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने पाहिलं. कागदावर उजवा हात होता. "छापताना उलटतं, आई. डाव्याचं उजवं होतं. मी... सांगायचंच राहिलं." दोन वर्षं साऱ्या घराने मिळून झाकलेला तो हात, त्याच्या प्रत्येक थरथरीसकट, अख्ख्या वर्गासमोर उघडा पडला होता. आणि उघडा पाडणारी तीच.

सासूबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. उलट्या अक्षरांवरून त्यांचे ओठ हळूहळू हलले. "डाव्याचं... उजवं. असं होय."

मग त्या पुन्हा कागदावर वाकल्या. "लपवायचा म्हणून दुसरा काढला, तर हाच मेला पुढे आला." मनगटाखाली, खड्ड्यात शाई भरून पडलेल्या काळ्या डागावर त्यांनी नजर रोखली. "आणि ही बाही बरी शिवलीस गं."

मास्तरांनी पेन्सिल पुढे केली. "काकू, चित्राखाली सही करायची असते."

सुनेचा हात सवयीने पुढे गेला. "मी करते, आई."

"तू का? चित्र तू काढलंस?"

सासूबाईंनी शालीतून उजवा हात बाहेर काढला. पेन्सिल टेबलावर टकटक वाजली, एकदा घरंगळली, पुन्हा धरली. सही व्हायला फार वेळ लागला. सुनेने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

घरी आल्यावर तिने चहा केला. नेहमीसारखा अर्धा कप सासूबाईंपुढे ठेवला.

सासूबाईंनी कपात डोकावून पाहिलं आणि तो तिच्याकडे सरकवला. "पुरता भर. सांडला तर पुसू."