माघातला पाडवा

"चाचीजी, ये साड़ी डंडे पे काहे सुखा रही हो?"

खालून शेजारच्या कोचिंग क्लासची पोरं दात काढत होती. दिवाकर दुधाची पिशवी घेऊन आला आणि वर बघून थबकला. गॅलरीत गुढी! पाडव्याला अजून महिना-दीड महिना होता.

"सुमित्रा, हे काय करून राहिली?"

"काहून? कडुलिंबाले मोहोर आला. वास नाही येऊन राहिला तुमाले?"

काचबिंदूनं तिचे डोळे नेले, तेव्हापासून ती असंच जगत होती. मोहोराच्या वासावरून पाडवा सांगायची. कधी चुकली नव्हती. मुलगा अंकुर इंदूरला बोलवायचा, तेव्हा ठणकावायची, "इथं मले सगळं दिसते. तिथं आंधळी होईन."

गुढीची गोष्ट फोनवर कळली तसा अंकुर म्हणाला, "बाबा, आईचं डोकं चालत नाही आता. घर देऊन टाका कोचिंगवाल्याला. इकडे या, बस."

दिवाकरलाही तेच वाटलं. मग तो कठड्यावरून वाकला. कडुलिंबाची रस्त्याकडची बाजू अजून पानं गाळत होती. कोचिंगच्या भिंतीकडची बाजू मात्र पांढरी फुललेली. भिंतीवर एसीची खोकी एकावर एक टांगलेली. आत पोरं कोंबलेली, म्हणून थंडीतही चालू. सगळी गरम फुंकर झाडाच्या तोंडावर.

झाडाला ताप भरला होता. त्याला कोणी वेडं म्हणालं नाही.

तो तणतणत कोचिंगच्या मॅनेजरकडे गेला. मॅनेजर मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "अंकलजी, पेड़ से दिक्कत है तो पेड़ कटवा दीजिए।"

नालायक. शहर भट्टीसारखं तापवायचं, आणि होरपळेल त्यालाच तोडायचं.

घरी येऊन त्याने सुमित्राला सांगितलं, "तू नाही चुकली. झाड चुकलं."

ती मग म्हणाली, "झाड कुठं चुकते जी? मीच चुकली असन."

त्या दिवसापासून ती विचारायला लागली. दूध आलं का? सकाळ झाली का? आज कोणचा वार?

खरा पाडवा उजाडला तेव्हा भिंतीकडचा मोहोर केव्हाच करपून नालीत गेला होता. रस्त्याकडच्या फांद्यांवर तुरळक फुलं होती, पण गरम झोतात त्यांचा वास कुठला टिकायला? अंकुर आला, पाया पडला. "आई, चलतेस ना?"

दिवाकरने तिच्याकडे पाहिलं. आता ठणकावेल.

"चल," ती म्हणाली. "इथंई आंधळीच झाली ना मी."

सकाळी उभारलेली गुढी सूर्य मावळताना उतरवायची असते. दिवाकरने भर दुपारीच हात घातला. गुढीवरच्या तापलेल्या तांब्याचा चटका बसला, तरी त्याने तो सोडला नाही.