जिथे पिशवी टेकेल

पडक्या राजधानीला जायचं आमच्या हिनं ठरवलं होतं. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. ही म्हणायची, "तुम्ही दुरुस्त केलेलं पुष्कळ बघितलं, आता जरा मोडलेलं बघू." बेतही तिचाच. रात्रीच्या गाडीनं गेलं की एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं. खोली अवशेषांजवळ महाग, म्हणून स्टेशनामागे घ्यायची. फिरायला भाड्याच्या सायकली. मग ती आजारी पडली आणि गेली. बेत राहिला.

वर्ष उलटल्यावर मी लेकीला सांगितलं, जातोय.

"एकटे?" ती म्हणाली. "काही नको. मी गाडी करून देते, चांगलं हॉटेल बघते. पैसे मी भरते."

"मग ती तुझी सहल झाली. मला आमची करायची आहे."

"आणि गुडघे?"

"गुडघे तुझ्यासारखे नाहीत. मी सांगितलेलं ऐकतात."

"बरं तर मग, आईची तालीम करून दाखवा. गच्चीपर्यंत पोचलात तर तुमचं खरं. नाही पोचलात तर माझी गाडी, माझं हॉटेल, आणि कुरकुर अजिबात करायची नाही."

"मंजूर."

हिची तालीम म्हणजे काय, तर प्रवासाच्या आधी भरलेली पिशवी पाठीला लावून जिन्यानं गच्चीवर जायचं. जिथे पिशवी टेकेल तिथे एक वस्तू बाहेर काढायची. काढलेली परत भरायची नाही. हिच्या या नियमापुढे आमच्या घरात कोणाचं काही चाललं नाही.

रविवारी सकाळी निघालो. लेक मागे, पहारेकऱ्यासारखी. पहिल्याच मजल्यावर निवृत्त पोस्टमन दारात उभे.

"काय लिफ्टवाले, आपल्याच लिफ्टवर भरवसा नाही वाटतं?"

"आज तिला सुटी दिलीय."

"आणि पाठीवर काय, बिऱ्हाड?"

"तुमच्या टपालापेक्षा हलकं आहे. वेळेवरही पोचेल."

बोललो खरं, पण दुसऱ्या मजल्यावर पिशवी टेकली.

"काढा," लेक म्हणाली.

मी हात घालून एक ताटली काढली. खाली दुसरी ताटली होती, ती तिला दिसली. पुढच्या मजल्यावर पुन्हा टेकली. या वेळी हाताला छत्री लागली, लहान, घडीची.

"तुमची काळी छत्री तर बाहेरच्या खिशात आहे."

"आहे ना."

चौथ्या मजल्यावर शाल निघाली. लेकीनं ती हातात घेतली, नाकाशी धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही दोघांची पिशवी भरलीय."

मलाही ते तेव्हाच कळलं. आमच्या दोघांचं सामान कायम एकाच पिशवीत जायचं. ती मी उचलायची. आदल्या दिवशी भरताना हात सवयीनं चालत गेले. घरात पाठीला लावून पाहिली तेव्हा जडही वाटली नाही, कारण ती नेहमी एवढीच असायची.

लेक पायरीवर बसली. "चला खाली. मी हरले. जा तुमच्या पद्धतीनं."

"अशी दया नको. तालीम अजून संपलेली नाही."

मी तिच्या शेजारी बसलो आणि हिचं एकेक काढायला लागलो. टॉवेल, कंगवा, पेला.

"एका वेळी एकच वस्तू," लेक डोळे पुसत म्हणाली. "नियम आहे."

"मग टेकवायला एवढे जिने आणू कुठून?"

ती रडता रडता हसली. सगळ्यात खाली कागदात गुंडाळलेली चप्पल होती. दगडधोंड्यांतून चालायला हिनं मुद्दाम घेतलेली, आजारपणाच्या आधी हिनंच पिशवीच्या तळाशी ठेवलेली. चपलेला धूळसुद्धा लागलेली नव्हती. ती काढताना मात्र मला वेळ लागला. लेक थांबली.

मग मी उठलो, पिशवी पाठीला लावली आणि चढलो. ती कुठेही टेकवली नाही. गुडघे बोलले, मी ऐकलं नाही. गच्चीचं दार ढकललं तेव्हा धाप लागली होती, पण पायांत दम शिल्लक होता. भाड्याची सायकल मला सहज चालवता येईल याची खात्री झाली.

मागून लेक आली. आईच्या वस्तूंनी दोन्ही हात भरलेले. दारापाशी तिनं ते सगळं खाली ठेवलं.

"टेकवलंस," मी म्हणालो. "आता एक वस्तू काढ."

"यातलं मी काहीही काढणार नाही."

"मग तुझी पिशवी जड होईल."

"होऊ दे. मी तरुण आहे."

घरी आल्यावर तिनं मोबाइलवर माझं तिकीट काढलं. मी पैसे पुढे केले, तिनं मुकाट घेतले.

"खालचा बर्थ मिळालाय," ती म्हणाली.

खालचा बर्थ नेहमी हिचा असायचा. मी वर झोपायचो, आणि मी खाली पडेन या धास्तीनं ही रात्रभर जागी असायची.

"चालेल," मी म्हणालो.