माळ्याची तुळई

टेपची डबी भावजयीच्या, नूतनच्या हातात होती आणि टोक कांताच्या. मापं घेताना दुसरं टोक कोणीतरी धरावंच लागतं, आणि चिमूरच्या त्या जुन्या कौलारू घरात फुकट राबणारी एकच बाई होती. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं कांता भावाकडे मागच्या पडवीत राहत होती. दिवसा रेजा म्हणून दुसऱ्यांच्या घरांच्या विटा वाहायची, संध्याकाळी भावाकडची भांडी घासायची.

"पडवी पाडून इथी किचन," नूतन म्हणाली. "अन् माळ्यावर आमची बेडरूम. खालची खोली साक्षीले."

निकेश मिस्त्रीने चुन्याची रेघ ओढली, दारापुरती जागा सोडली. जन्मभर अशा रेघांवर विटा रचताना पाहिलेल्या बाईला नकाशा वाचायला डिप्लोमा लागत नाही. कांताला आपल्या बाजेपुरतीही जागा कुठे दिसली नाही.

"दादा, अन् मी कुठी राहू?"

गुणवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. त्या माणसाने आयुष्यात स्वतःचं उत्तर म्हणून कधी दिलंच नव्हतं.

"ऊर्जानगरले क्वार्टरमंधी एका सायबाकडं कामाले बाई पाह्यजे," नूतन म्हणाली. "राहाची सोय हाय. मी बोलून बी ठेवलं. एक तारखेपासून."

गुणवंतराव टेपवरचे आकडे वाचू लागले. कांताला त्यांचा इतका संताप आला की टेपचं टोक त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. तिने ते धरून ठेवलं.

"माळ्याचं समदं वजन या तुळईवर येते," निकेश म्हणाला. "ठोकून पाहा लागते. माह्या गुडघ्यात दम नाई. कांताबाई, तुम्हीच चढा."

जुन्या सागवानाची परीक्षा इकडे अशीच होते. हातोडीने या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत जायचं. भरीव आवाज आला तर लाकूड ठेवायचं, पोकळ आला तर माळ्याचा नाद सोडायचा. आज्याच्या वेळचा साग आता आणायचा कुठून?

कांता शिडीने माळ्यावर चढली. रस्त्याकडचं टोक ठणठणीत निघालं. पडवीकडच्या टोकाला मात्र ठोकायची गरजच नव्हती. दोन वर्षं तिथून तिच्या अंथरुणावर पिवळा भुसा पडत होता, रोज सकाळी तीच झाडत होती. किड्यांनी आतून फराळ केला होता. तिने तिथे हलकेच बोट टेकलं, मग मागे सरकून चांगल्या भागावरच हातोडी तीनदा आपटली.

झोपा म्हणावं राजाराणी वर.

"पक्की हाय!" ती ओरडली.

खाली उतरते तोच भाची साक्षी कॉलेजातून आली. रेघा पाहून, आत्याचं ऐकून तिने जागेवरच भोकाड पसरलं.

"आत्या गेली तर मी बी नाई राहत इथी! माळ्यावर मी अन् आत्या राहतो. तुम्ही खालीच झोपा, तसंबी आईची कंबर दुखते चढाले."

नूतन काही बोलणार, तेवढ्यात गुणवंतरावांनी घसा खाकरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते बायकोच्या आधी बोलले.

"तुळई पक्की हाय म्हणते नं कांता? मंग ठरलं. दोघी वर राहतीन. कांते, तू कुठीच जात नाई."

निकेशने वहीत तसं लिहून घेतलं. साक्षी आत्याच्या गळ्यात पडली.

कांताने तोंड उघडलं. खरं सांगितलं तर माळा गेला, आणि माळ्याबरोबर तीही गेली, ऊर्जानगरला, परक्यांची भांडी घासायला. शिवाय खोटं काऊन बोलली, याला काय उत्तर द्यायचं? भावाने एकदाच तिची बाजू घेतली होती, तीही तिच्याच शब्दावर विसंबून. तिने तोंड मिटलं.

"आत्या, आपले पलंग कुठी टाकाचे?" साक्षी डोळे पुसत वर बघत होती.

"तुहा रस्त्याकडं," कांता म्हणाली. "अगदी भिंतीले लावून."

"अन् तुहा?"

"माहा पडवीकडं. मले तिथंच झोपाची सवय हाय."