शून्य गुणांची तीन उत्तरं

मॅडम बेरीज बघायच्याच नाहीत. आम्ही चाचणीचे गुण तीन-तीनदा मोजून, तक्त्याशी ताडून, शेवटच्या पानावर निकाल सुवाच्य अक्षरात लिहून न्यायचो, आणि मॅडम ते पान बाजूला सारून कच्च्या कागदांना हात घालायच्या. मूल जे बोललं ते जसंच्या तसं उतरवलेले कागद. त्यातही ज्या उत्तरांना शून्य दिलंय ती आधी.

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला दहा ठीकठाक मुलांच्या चाचण्या घेऊन त्यांच्या नोंदी द्याव्या लागतात. बिघडलेलं ओळखायचं तर आधी न बिघडलेलं नीट बघा, असा हिशेब. नात्यातलं मूल त्यात चालत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगतात, आणि आम्ही सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलेलं असतं. माझ्या नऊ नोंदी झाल्या होत्या. दहावी मुलगी ऐन वेळी कांजिण्या येऊन अंथरुणाला खिळली आणि माझ्या हातात दोन दिवस उरले.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची. घरात आम्ही तिला खारू म्हणतो. मी तिचीच चाचणी घेतली. नोंदीत भलतीच आद्याक्षरं घातली, आईच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं आणि स्वतःची समजूत घातली की कागदावरचं मूल कुणाचंही असलं तरी गुण तेच येणार.

मी कसली आई आहे ते सांगायला हवं. मी द्राक्षाचे चार तुकडे करून देणारी आहे. ती झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी आहे. बोचकारल्याचा ओरखडा दिसला तरी तो कुठल्या वेळचा असेल, कुठे असताना झाला असेल, याचा मी शोध लावते. नवरा म्हणतो, “तू हिला जन्म दिलायस की हिच्यावर पहाऱ्याला नेमलीयस?” त्यानं म्हटलं की मी हसते, आणि पुन्हा जाऊन श्वास बघते.

चाचणी जेवणाच्या टेबलावर झाली. ठोकळे, चित्रं, स्टॉपवॉच, पेन्सिल. घेणाऱ्यानं चेहरा कोरा ठेवायचा, चूक-बरोबर काही दाखवायचं नाही, ‘बरं, आता पुढचं’ एवढंच म्हणायचं. मला हे वर्गात सगळ्यांत चांगलं जमतं. खारू प्रत्येक उत्तरानंतर मान वर करून माझ्याकडे बघत होती आणि मी तिला पोस्टातल्या खिडकीमागच्या बाईसारखी दिसत असणार. चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं. मी तिला केळं दिलं आणि बेरजेला बसले. वयाच्या मानानं गुण चांगले होते. मला बरं वाटलं, आई म्हणूनही.

बुधवारी साडेबारा वाजता मॅडमच्या खोलीत माझी पाळी होती. खोली अरुंद, एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीला दुधी काच. मॅडमनी शेवटचं पान सारलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि कच्चे कागद चाळायला घेतले.

“ही मुलगी कुणाची?”

“ओळखीतली आहे.”

“वाच. अकरा, बारा आणि चौदा. मोठ्यानं.”

मी कागद माझ्याकडे वळवला. “अकरा. बोट कापलं तर काय करशील? उत्तर, ‘कुणाला नाही सांगायचं.’ शून्य.”

“पुढे.”

“बारा. तहान लागली तर काय करशील? ‘थांबायचं.’ शून्य.”

“हं.”

“चौदा. अंधार झाला तर काय करशील?” माझं अक्षर मलाच लागेना. “‘गप्प बसायचं. मग उघडतात.’”

“काय उघडतात?” मॅडमनी विचारलं.

“या प्रश्नांवर जास्तीचं विचारता येत नाही, मॅडम. नियमात नाही.”

“चाचणी चालू असताना नाही. संपल्यावर कोण अडवतं? विचारलंस?”

मी विचारलं नव्हतं. मी केळं सोलून दिलं होतं.

मॅडमनी पेन्सिलीनं त्या तीन शून्यांवर एकेक टिंब काढलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत. त्यामुळे त्यांच्यासमोर बसलं की माणूस आपलाच श्वास ऐकत बसतं. “मी चुकीची ठरले तर मला आनंदच आहे,” त्या म्हणाल्या. “पण मला वाटतं, हिला कुणीतरी कोंडून ठेवतंय. एकदा नाही. हिला त्याचा क्रम पाठ झालाय. आईला आजच बोलावून घे. पत्ता दे मला.”

पत्ता द्यायला माझ्याकडे खोटा पत्ता नव्हता. तेवढाच रकाना मी रिकामा सोडला होता.

“मॅडम, आई मीच आहे.”

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता त्या नियम काढतील, वर्ष गेलं म्हणतील. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, टोक माझ्या दिशेला येणार नाही अशी.

“नोंद रद्द होईल. कदाचित वर्षही जाईल. ते पुढचं पुढे. ती दिवसभर कुणाकडे असते?”

“नऊ ते दोन पाळणाघरात. दोन ते सहा सासूबाईंकडे.”

“आणि मग तुम्ही दोघं.”

“आम्ही दोघं.” त्यांनी ‘दोघं’ म्हटलं तेव्हा मला नवऱ्याचा चेहरा आठवायला वेळ लागला.

“आत्ता जाऊन तिला घे. आज कुणाकडेही ठेवू नकोस. आणि तिला एक अक्षर विचारायचं नाही. तू विचारलंस तर ती तुझं तोंड बघून उत्तर जुळवेल, आणि मग खरं काय ते कुणालाच कळणार नाही. उद्या सकाळी तिला माझ्याकडे आण. तोवर चेहरा कोरा ठेव. तो तर तुला छान जमतो.”

पाळणाघर तिथून चालत वीस मिनिटांवर. त्या वीस मिनिटांत मी सासूबाईंना तीनदा तुरुंगात टाकलं आणि दोनदा सोडवलं. त्यांच्याकडे माळ्याखाली एक अडगळीची खोली आहे, तिला बाहेरून कडी आहे. पण खारू दुपारी त्यांच्या पोटाला बिलगून झोपते. बिलगून झोपते की बिलगावंच लागतं? सहा महिन्यांपूर्वी नवरा तिच्यावर एकदा ओरडला होता. एकदाच की माझ्यासमोर एकदाच? ज्या ज्या माणसाच्या हातात मी तिला दिलं होतं, त्या प्रत्येकाच्या हाताकडे मी पुन्हा बघत चालले होते. सिग्नलला एक रिक्षावाला ओरडला, “ताई, जीव जड झाला का?” तेव्हा कळलं की मी रस्त्याच्या मधोमध उभी आहे.

पाळणाघराच्या काकूंवर मात्र माझा संशय सगळ्यांत कमी होता. तिथे जागा मिळावी म्हणून मी खारू पोटात असतानाच नाव घालून ठेवलं होतं. बारा मुलं आणि लादी अशी की जेवण सांडलं तर उचलून खावं. सगळ्या आयांना त्या घराची एकच गोष्ट सांगायची असते, की आत मुलं आहेत हे बाहेरून कळतसुद्धा नाही.

मी पोचले तेव्हाही कळलं नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. मुलं चटईवर भिंतीला टेकून ओळीनं बसली होती, पुढ्यात रिकामे डबे. खारूनं मला बघितलं. रोज ती धावत येते आणि गुडघ्यावर डोकं आपटते. आज ती उठली नाही. तिनं आधी मागच्या बोळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

काकू हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. “आज एवढ्या लवकर? मॅडमनी वर्गाबाहेर काढलं वाटतं.”

“हो, तसंच काहीतरी,” मी म्हटलं. चपलांच्या फळीवर बारा जोड होते. चटईवर मी मुलं मोजली. पुन्हा मोजली. अकरा.

“पिसू कुठंय?” पिसू त्यांच्यातली सगळ्यांत धाकटी, अडीच वर्षांची, इतकी बारकी की तिच्या आईनंच तिला ते नाव ठेवलंय.

“आहे आत. येईल शांत झाली की.”

काकू हे इतक्या सहज म्हणाल्या की मी जवळजवळ ‘बरं’ म्हणणार होते. मग मी बोळात गेले. टोकाला कोठीचं दार होतं आणि वरची कडी घातलेली होती. आतून आवाज नव्हता. हात वर करून कडी काढताना मला वाटत होतं की आवाज असता तर बरं झालं असतं.

पिसू उलट्या बादलीवर बसली होती. हात मांडीवर. रडत नव्हती. उजेड आला तसे तिनं डोळे बारीक केले आणि मी कोण हे बघत राहिली. फ्रॉक मागून ओला होता. उचलली तर अंगाला चिकटलीसुद्धा नाही, मी जशी धरली तशी राहिली.

“अहो, काय केलंत?” काकू मागे उभ्या होत्या. त्या घाबरल्या नव्हत्या, लाजल्या नव्हत्या. मी त्यांचं काहीतरी नीट चाललेलं काम विसकटलं होतं, एवढंच. “आत्ता कुठे गप्प झाली होती. जरा मुरू द्यायचं असतं. आता परत पहिल्यापासून.”

“काय पहिल्यापासून?”

“तुम्ही मला विचारताय?” काकू हसल्या. “तुमचंच तर आहे हे.”

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला वहीचा एक फाडलेला कागद चिकटवलेला होता, कडा तेलकट झालेल्या. अक्षर माझं होतं.

मग सगळं आठवलं. माझं पहिलं वर्ष, नवी नवी जोशात होते मी. मुलांच्या हट्टावर काय करावं यावर तीन तास झाले होते आणि मला वाटत होतं आता जगात एक मूल हट्टी राहणार नाही. दुपारी खारूला न्यायला गेले तेव्हा फाटकाशी काकू म्हणाल्या होत्या, “एक पोर फार किंचाळतं हो, तुम्ही शिकताय ना, काय करू सांगा.” आणि मी खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली न ठेवता, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं, पाच मिनिटांत सांगून मोकळी झाले. त्यांनी लिहून मागितलं तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. मारू नये, रागावू नये. बघण्यासारखं, खेळण्यासारखं काही नसेल अशा जागी बसवावं. त्या वेळात मुलाशी बोलू नये, काही देऊ नये. वयाच्या दर वर्षाला एक मिनिट. रडणं पूर्ण थांबल्याशिवाय बाहेर काढू नये, नाहीतर रडण्याला बक्षीस मिळतं.

“दर वर्षाला एक मिनिट लिहिलंय इथे,” मी म्हटलं.

“लिहिलंय. पण तीन मिनिटांत गप्प होतं का पोर? खालीच तुम्ही लिहिलंय, पूर्ण थांबल्याशिवाय नाही. मी ते धरलं.”

“अंधारात?”

“बघण्यासारखं काही नको, हेही तुमचंच. दिवा होता, तो काढून टाकला. दिव्याकडे बघत बसायची पोरं.”

“पाणी?”

“काही देऊ नये. हे बघा.” त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. नख स्वच्छ कापलेलं होतं. “मी एकालाही आजवर हात लावलेला नाही. कुणालाही विचारा.”

“आणि घरी सांगायचं नाही, हे?”

“ते माझं,” काकूंनी मान्य केलं. “आया हळव्या असतात हो. आल्या की छातीशी धरून रडत बसतात, आणि आठवडाभराची मेहनत पाण्यात. तुमचं तसं नाही. तुम्हाला यातलं कळतं, म्हणून खारूचं मला कधी दडपण नव्हतं.”

मी काहीतरी भयंकर बोलायला हवं होतं. माझ्या तोंडाशी शब्द येत होते ते सगळे वर्गातले होते. चुकीचा वापर, देखरेख, प्रमाण. मी ते गिळले. पिसूला पाणी दिलं. तिनं पेला रिकामा केला आणि मला परत दिला, सवय लावलेलं मूल देतं तसा. खारू कधी आली कळलं नाही. माझ्या ओढणीचं टोक धरून उभी होती आणि पिसूच्या लोंबत्या पायाला दुसऱ्या हातानं धरून होती.

“तिला आणखी दे,” ती म्हणाली.

मी आणखी दिलं. तिला काही विचारायचं नव्हतं, आणि आता विचारण्यासारखं उरलंही नव्हतं. मॅडमना फोन करायला हवा होता. उरलेल्या दहा मुलांच्या घरी कळायला हवं होतं. मी हिशेब करत होते की आधी कुणाला आणि कुठल्या शब्दांत, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला मीच येऊन उभी राहत होते. काकूंनी हे दुष्टपणानं केलं असतं तर मला किती सोपं गेलं असतं.

पावणेदोनला बाहेर स्कूटर थांबली. पिसूची आई बँकेत आहे, सगळ्यांत आधी तीच येते. दारात चपला काढता काढता तिला माझ्या कडेवरची पिसू दिसली.

“अगं बाई, आज आमची पिसू कुणाच्या कडेवर? मला विसरलीस ना गं? आणि फ्रॉक कशानं भिजवलास?” ती हसत होती. पिसू तिच्याकडे झेपावली नाही, तरी ती हसतच होती. रोजचंच असावं. “काकू, काय झालं? त्रास दिला का हिनं?”

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सांगा ना, तुम्हीच सांगा. तुम्हाला नीट समजावता येतं.”

खरंच येतं. मी पिसूला तिच्या हातात दिलं, स्वयंपाकघरात गेले, कपाटाच्या दारावरचा कागद कोपऱ्याकोपऱ्यानं सोडवला आणि आणून तिच्यापुढे धरला.

“हे वाचा,” मी म्हटलं. “हे काकू तिच्यावर करतात. माझ्या मुलीवरही. अक्षर माझं आहे, मीच दिलं होतं लिहून.”

तिनं एका हातानं मूल सावरलं आणि दुसऱ्या हातानं कागद घेतला. पहिल्या दोन ओळींपर्यंत ती हसतच होती.